डबे रिकामे ठेवण्याचा सल्ला कोणाच्या फायद्याचा?

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले की जून, जुलै आणि ऑगस्ट या तिन्ही महिन्यांचे रेशनचे धान्य पावसाळ्याआधीच एकदम वाटून टाका. पावसात रस्ते वाहून जातात, गोदामांत ओल येते, गाड्या अडकून पडतात. अशा दिवसांत धान्य लोकांच्या घरी असलेले बरे, हा त्यामागचा साधा हिशेब. त्याच सुमारास शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांना मात्र उलटा उपदेश ऐकू येत होता आणि तो अजून थांबलेला नाही. कोठीभर गहू, डबाभर डाळ आणि बरणीभर आमसुले हा म्हणे टंचाई पाहिलेल्या पिढीचा धसका. आता हवे ते दहा मिनिटांत दारात येते, मग घरातली जागा, पैसा आणि बाईचे श्रम साठवणीत कशाला घालवायचे?

हा उपदेश चुकीचा आहे. त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहिला की तो बाजारपेठेविषयी, धान्याविषयी आणि घरातल्या बाईविषयीही किती अपुऱ्या माहितीवर उभा आहे ते दिसते.

आधी दहा मिनिटांचे पाहू. ही दहा मिनिटे फक्त शेवटच्या दोन-तीन किलोमीटरची असतात. वस्तीतल्या एखाद्या गाळ्यात माल भरलेला असतो, तिथून दुचाकीवरचा मुलगा तो आपल्या दारात आणतो. पण त्या गाळ्यातला साठा थोडाच असतो आणि तो सतत बाहेरून भरावा लागतो. मालाचा खरा प्रवास महामार्गावरून होतो, आणि महामार्ग कसे बंद पडतात हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ कित्येक दिवस पाण्याखाली होता. मालट्रकांच्या रांगा दोन्ही बाजूंना उभ्या होत्या आणि मुंबई-पुण्याच्या दूधपुरवठ्यालाही त्याची झळ बसली. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडच्या बाजारपेठाच पाण्यात गेल्या. तिथे दुकानात जायला रस्ता असता तरी दुकानात घेण्यासारखे काही उरले नव्हते. ज्यांची घरे बुडाली त्यांचे डबेही बुडाले, हे खरे. पण पुराने वेढलेल्या गावात सगळी घरे बुडत नाहीत, रस्ता मात्र सगळ्यांचाच तुटतो.

२४ मार्च २०२० ची रात्र तर अजून सर्वांच्या आठवणीत आहे. आठ वाजता देशव्यापी टाळेबंदीची घोषणा झाली आणि अर्ध्या तासात किराणा दुकानांपुढे झुंबड उडाली. पुढचे कित्येक दिवस घरपोच किराणा देणाऱ्या अ‍ॅपवर मागणी नोंदवणेही मुश्किल झाले होते. ज्या घरात उन्हाळ्याच्या तोंडावर गहू-तांदूळ भरण्याची पद्धत चालू होती, त्या घरातल्या कोणाला त्या गर्दीत उभे राहण्याचे कारण नव्हते. संसर्गाच्या काळात गर्दी टाळणे ही लहान गोष्ट नव्हती.

आणि ही दहा मिनिटे आहेत तरी कोणाची? गडचिरोलीतल्या भामरागडचा पर्लकोटा नदीच्या पुरामुळे जवळजवळ दर पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संपर्क तुटतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात आणि मेळघाटात पावसाळ्यात अवघड होणारे पाडे आहेत. तिथे शासन नवसंजीवनी योजनेखाली पावसाळ्याचे धान्य आधीच पोचवते. साठवण तिथे दर पावसाळ्याची गरज आहे. मोठ्या शहरांतल्या मोजक्या पिनकोडांचा अनुभव साऱ्या मराठी मुलखाला लागू करून साठवण कालबाह्य ठरवणे, हा या उपदेशातला पहिला दोष.

गंमत अशी की ज्या देशांची वितरणव्यवस्था आपल्यापेक्षा कितीतरी सुरळीत चालते, तिथली सरकारे आज नेमके उलट सांगत आहेत. स्वीडनने २०१८ मध्ये संकटकाळाच्या तयारीची पुस्तिका घरोघरी पाठवली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती सुधारून पुन्हा पाठवली. शिजवायला सोपे, टिकाऊ, फ्रीजशिवाय राहणारे अन्न घरात ठेवा, हा त्यातला ठळक सल्ला आहे. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये प्रत्येक घराला किमान ७२ तास स्वतःच्या बळावर काढता यावेत असे धोरण मांडले. ही माणसे टंचाईच्या धसक्यात जगत नाहीत. पुरवठ्याची साखळी जितकी लांब आणि काटेकोर, तितकी ती एका जागी तुटली की सगळीकडे खोळंबा होतो, एवढे त्यांनी ओळखले आहे.

दुसरा आक्षेप नेहमीचा: धान्य किडते, मग फेकावे लागते. किडते ते ओल राहिलेले किंवा उघडे ठेवलेले धान्य. पाणी कमी झाले की बुरशी आणि जिवाणू वाढूच शकत नाहीत, हा वाळवणाचा सारा आधार. साठवणीच्या गव्हात ओलाव्याचे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असावे लागते. जुन्या बायका हे दातांनी तपासत. दाणा कडकन फुटला तर भरायचा, चेपला तर अजून दोन उन्हे द्यायची. उन्हातून काढलेले धान्य गरम असताना डब्यात भरायचे नाही, कारण आत वाफ धरते आणि सुकवण्याची सगळी मेहनत पाण्यात जाते. मूग-मटकीच्या दाण्यावर दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे भुंगेऱ्याने घातलेली अंडी. अळी तिथूनच दाण्यात शिरते. तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवतात तो यासाठी, की तेलाच्या पातळ थरामुळे ती अंडी गुदमरतात आणि उबत नाहीत. कडधान्यात चाळलेली राख मिसळण्याची पद्धतही अशीच शहाणपणाची आहे. राख दाण्यांमधल्या फटी बुजवते आणि किड्याच्या अंगावरचे संरक्षक आवरण खरवडून त्याला कोरडा पाडते.

यापेक्षा मोठ्या प्रमाणावरची सोय पाहायची तर सांगलीजवळच्या हरिपूरला जावे. तिथे जमिनीत खोल खोदलेल्या पेवांत हळद साठवण्याची परंपरा आहे. पेवाचे तोंड लिंपले की आतला प्राणवायू साठवलेला माल आणि किडे मिळून संपवतात, कर्बवायू वाढतो आणि किडे मरतात. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा आणि तो विझत नाही याची खात्री करायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून तिथल्या साठ्याचे मोठे नुकसान झाले; पुरापुढे पेवाचेही चालत नाही. पण हवाबंद साठवणीचे तत्त्व तेच राहिले. आज धान्यासाठी ज्या हवाबंद पिशव्या विकल्या जातात त्या याच तत्त्वावर चालतात, आणि घट्ट झाकणाचा काठोकाठ भरलेला स्टीलचा डबाही बऱ्याच अंशी हेच काम करतो.

टीकाकारांचे एक म्हणणे मात्र पूर्णपणे मान्य केले पाहिजे. धान्य टिकवण्याच्या नावाखाली काही घरांत जे विष वापरले जाते त्याला कोणतीही सबब नाही. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन हा जीवघेणा वायू सोडतात. त्या गोदामात, प्रशिक्षित माणसाने वापरायच्या असतात, झोपायच्या खोलीतल्या पोत्यात टाकायच्या नसतात. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्यांनाही अन्नाजवळ जागा नको. ऊन, कोरडा डबा, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि एरंडेल एवढ्यावर घरगुती साठा नीट निभावतो. कुबट वास आलेले शेंगदाणे किंवा मिरची मात्र निवडून वापरत बसू नये, सरळ टाकून द्यावी. बुरशीचे विष धुऊन किंवा शिजवून जात नाही.

काय साठवावे आणि काय नाही, यातला विवेक या वादात कोणीच सांगत नाही, आणि खरे ज्ञान तिथेच आहे. गहू वर्षभर टिकतो, पण त्याची कणीक टिकत नाही. दाण्याच्या अंकुरात तेल असते. दळले की ते हवेला उघडे पडते आणि खवट होऊ लागते. बाजरीचे पीठ तर काही दिवसांतच कडू पडते, बाजरी मात्र महिनोन्महिने जशीच्या तशी राहते. म्हणून दाणा घरात ठेवायचा आणि पंधरा दिवसांचे दळण गिरणीतून आणायचे, ही जुनी पद्धत रसायनशास्त्राला धरून आहे. तांदूळ जुना झाला की भात मोकळा होतो, त्यामुळे जुन्या तांदळाला बाजारात भाव जास्त मिळतो. उलट राजमा, हरभरा, वाटाणा उष्ण-दमट जागी फार दिवस राहिला की कितीही शिट्ट्या दिल्या तरी नीट शिजत नाही. तो एका हंगामापुरताच घ्यावा. ज्या घरात आता ओव्हन आहे तिथेही हाच नियम लागू होतो. मैद्यातला अंकुर आधीच काढलेला असल्याने तो कणकेपेक्षा जास्त टिकतो. रवा हलका भाजून किंवा आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवून मग डब्यात भरला की जाळी धरत नाही. बेकिंग पावडरचा खरा शत्रू ओल. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकल्यावर फसफसली नाही तर तिच्यावर केक सोपवू नये. कोरडे यीस्ट पाकीट फोडल्यावर फ्रीजमध्येच राहिले पाहिजे.

किनाऱ्यावर तर साठवण हा ऋतूचाच भाग आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. माशांच्या विणीच्या काळात समुद्राला उसंत मिळावी म्हणून हा नियम आहे. त्या दोन महिन्यांत कोकणातल्या ताटात सुकट, सुके बोंबील, खारवलेला बांगडा आणि सोडे येतात. वेसाव्याच्या कोळीवाड्यात बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळतात ते यासाठीच. गोव्यात मडगावला पावसाआधी पुरुमेंताचे फेस्त भरते, तिथून लोक सुके मासे, मिरच्या, आमसुले, चिंच आणि गूळ भरून नेतात. बंदीच्या काळात ताज्या माशाचा हट्ट धरणारे गिऱ्हाईक बेकायदा मासेमारीला आणि लांबून आलेल्या बर्फातल्या मालाला बळ देते. सुका मासा खाणारे घर समुद्राला दोन महिने मोकळे सोडते. असे असताना सुक्या मासळीला मागासलेले अन्न म्हणणे ऐकून घेऊ नये.

आता साठेबाजीचा आरोप. लोकांनी घरात धान्य भरले की भाव चढतात, असे म्हणतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा सरकारने व्यापाऱ्यांवर साठ्याच्या मर्यादा घातल्या, छापे घातले. ती कारवाई गोदामे भरून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्यांवर होती. तुरीचा नवा माल डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो, हरभऱ्याचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गव्हाचा मार्च-एप्रिलमध्ये. आवक वाढली की भाव सहसा उतरतो, आणि तेव्हाच शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवे असते. त्या वेळी दहा किलो डाळ घेणारे कुटुंब कोणाच्या तोंडचे काढून घेत नाही. बाजाराला धक्का देते ती भयाने केलेली खरेदी. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत लोक दुकानांकडे धावले, तेव्हा केंद्र सरकारला धान्याचा साठा पुरेसा असल्याचे जाहीर करावे लागले आणि चंदीगड प्रशासनाने साठेबाजीविरुद्ध आदेश काढला. हंगामात शांतपणे भरलेले घर अशा धावपळीत उतरतच नाही. साठा ठेवणे इतके समाजविघातक असते तर भारतीय अन्न महामंडळानेही गोदामे रिकामी ठेवली असती. पण दर १ जुलैला केंद्राच्या साठ्यात गहू-तांदूळ मिळून किमान ४११ लाख टन असावेत असा देशाचा स्वतःचा निकष आहे.

पापड आणि लोणच्यांतल्या मिठाचा मुद्दा आरोग्याच्या अंगाने बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सांगते, आणि पापडखार भरपूर असलेले पापड रोज खाणे रक्तदाबाच्या माणसाला परवडणारे नाही. पण साठवण म्हणजे पापड नव्हेत. कोठीतला मुख्य ऐवज ज्वारी, गहू, तांदूळ, डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, तीळ यांचा असतो, आणि त्यात मीठ नसते. डाळी-कडधान्यांत साधारण वीस ते पंचवीस टक्के प्रथिने असतात. ज्या घरात भिजवायला मटकी तयार असते, तिथे रात्री उशिरा पोटाला आधार म्हणून शेवेचे पाकीट फोडावे लागत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप श्रमांचा आहे, आणि त्याला गंभीरपणेच उत्तर दिले पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर कुरडया घालणारी, पहाटे उठून चीक शिजवणारी, दुपारी निवडणटिपण करणारी बाईच होती, पुरुष नव्हता. तिच्या कष्टांना ना मोल होते, ना सुट्टी. या अन्यायाकडे डोळेझाक करून साठवणीचे गोडवे गाणारे लेखन खोटे आहे. पण त्या अन्यायावर डबे रिकामे ठेवणे हा उपाय कसा? काम वाटून घेतले की अन्याय जातो. काम बंद केले की ते दुसऱ्या कोणाच्या, बहुधा कमी पैशांत राबणाऱ्या माणसाच्या अंगावर जाते. दहा मिनिटांत पिशवी आणणारा मुलगा भर पावसात दुचाकी पळवतो, तेव्हा घरातले श्रम फक्त घराबाहेर गेलेले असतात.

शिवाय वाळवणाने बायकांना बांधून ठेवले, ही अर्धीच गोष्ट आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेत आज सुमारे ४५ हजार भगिनी आहेत आणि त्यांतली प्रत्येक जण मालक आहे. संस्थापिकांपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. धडगाव-मोलगी भागातल्या पावरा आणि भिल्ल बायका कैऱ्या कापून, वाळवून आमचूर करतात आणि त्यावर घरातला पैसा येतो. महाराष्ट्रात सौर ड्रायरवर भाजीपाला सुकवण्याचे काम शेतकरी बायकांच्या हाती देणाऱ्या एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीला २०२३ चा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. ज्या घराला स्वतः सांडगे घालायला वेळ नाही त्याने ते बचत गटाकडून विकत घ्यावेत. त्याने साठवणही होते आणि घालणाऱ्या बाईला मोबदलाही मिळतो.

यापुढचा प्रश्न पैशांचा, आणि तो साठवणीच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही अडचणीत टाकणारा आहे. रोजंदारीवर जगणाऱ्याकडे मार्चमध्ये पोतेभर गहू घेण्याएवढी रक्कम नसते. तो रोज पाव-पाव किलो घेतो आणि किलोमागे श्रीमंतापेक्षा जास्त देतो. त्याला 'साठवा' म्हणून सांगणे क्रूर आहे. इथे शासनाने आणि समाजाने हात द्यायचा असतो. महाराष्ट्रात आदिवासी कुटुंबांसाठी पावसाळ्यातली खावटी योजना १९७८ मध्ये सुरू झाली. कोविडच्या काळात तिच्यातून प्रत्येक कुटुंबाला ४,००० रुपयांचे अनुदान, निम्मे रोख आणि निम्मे मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, तेल, मीठ अशा वस्तूंच्या रूपात देण्यात आले. १९७२ च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना सुकडी दिली जाई, तीही कोरडी आणि टिकाऊ होती म्हणूनच गावोगावी पोचू शकली. गरिबाला साठवता येत नाही, यावरून साठवणे चूक ठरत नाही. त्याचा साठा सार्वजनिक पैशातून झाला पाहिजे एवढेच ठरते. गावातली धान्य बँक आणि हंगामापूर्वीची भिशी यांचे मोल इथे आहे.

जागेची सबब मात्र फार ताणू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारमार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २५० ग्रॅम तृणधान्य आणि ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य पुरते. म्हणजे चौघांच्या घराला पंधरा दिवसांसाठी साधारण पंधरा किलो धान्य आणि पाच किलो डाळी. दीड खोलीच्या घरातही एवढे ओट्याखालच्या एका कोठीत आणि तीन-चार डब्यांत मावते. वर्षाचा गहू भरण्याचा आग्रह कोणी धरू नये; शहरी घराला महिन्या-दीड महिन्याचा साठा पुष्कळ झाला. नवे मागे आणि जुने पुढे ठेवायचे, डब्यावर भरल्याची तारीख चिकटवायची, आणि जे घरात खाल्ले जात नाही ते स्वस्त मिळाले म्हणून आणायचे नाही.

रिकाम्या डब्यांचा खरा फायदा ज्यांना होतो त्यांचे नाव घेण्यात संकोच नको. दर दोन दिवसांनी लहान पुडी मागवणाऱ्या घराकडून किलोमागे जास्त दर मिळतो, वर पोचवण्याचे आणि हाताळणीचे शुल्क मिळते, आणि मिठाची पुडी मागवताना पडद्यावर दिसलेले बिस्किटही पिशवीत येते. विकणाऱ्याने आपला फायदा पाहणे गैर नाही. पण तो फायदा आधुनिकतेचा नियम म्हणून घराघरात शिकवला जाऊ नये. मेअखेरपर्यंत पंधरा दिवसांचे धान्य, डाळ, तेल, मीठ, गूळ आणि आमसुले प्रत्येकाने घरात आणावीत, आणि ती निवडायला, वाळवायला, भरायला घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही बसावे.